राजवाडा : आरोप आणि अपवाद

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ या इंग्रजी शब्दजोडीला ‘संवर्धित वास्तव’ असा मराठी प्रतिशब्द आता रूढ होऊ पाहत आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष नाही, तरी मला तो पटत नाही. संवर्धन म्हणजे असलेल्याची जोपासना, वाढ. वनसंवर्धन होते, पशुसंवर्धन होते. येथे वास्तव तसूभरही वाढत नाही. ते आहे तेवढेच राहते आणि त्याच्यावर दुसरेच काही आणून ठेवले जाते. या क्रियेसाठी आपल्याकडे अतिशय नेमका आणि पुष्कळ जुना शब्द आहे, तो म्हणजे अध्यारोप. दोरीवर सापाचा, शिंपल्यावर चांदीचा होतो तो अध्यारोप. म्हणून मी माझ्यापुरते या तंत्राला ‘आरोपित वास्तव’ म्हणतो. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ‘आरोप’ या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक परिचित असतो, हे खरे. पण तो अर्थही या विषयाला अगदीच परका नाही, हे पुढे दिसेल.

वेदान्ताने या शब्दाला एकटे सोडलेले नाही. अध्यारोपाबरोबर अपवाद येतो. शिष्याला कळावे म्हणून गुरू जे नाही ते आहे असे आधी मांडतो, आणि समज आली की तेच मांडलेले काढून घेतो. पहिली पायरी क्षम्य ठरते ती दुसरी घेतली जाते म्हणून. नुसता अध्यारोप करून गुरू निघून गेला, तर शिष्याच्या पदरी केवळ भ्रमच उरेल. प्रस्तुत लेखातील सगळा प्रश्न एवढाच आहे की, वास्तूंच्या प्रतिकृती दाखविण्यासाठी आज जी ॲप तयार होतात, त्यांच्या रचनेत अपवादाला जागा आहे काय, आणि नसेल तर ती ठेवण्याचे दायित्व कोणावर?

हे तंत्र मूळचे कारखान्यातले. १९९० च्या सुमारास बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीतील टॉम कॉडेल यांनी हे नाव योजले, ते विमानातील तारांचे गुंतागुंतीचे जाळे कामगाराला त्याच्या डोळ्यांपुढे, प्रत्यक्ष जागेवर आखून दाखविता यावे या हेतूने. २०१७ मध्ये ॲपलने आणि पाठोपाठ गूगलने आपापल्या फोनसाठी तशी साधने खुली केली, आणि कारखान्यातली ही विद्या वास्तुविशारदाच्या, बिल्डरच्या आणि पर्यटन खात्याच्या हाती आली.

आपल्या इंदूरच्या राजवाड्यापुढे उभे राहून त्याचा विचार करू. असे ॲप असलेला फोन समोर धरला की कॅमेरा दर्शनी भागातील खिडक्यांचे कोपरे, सज्जांच्या कडा, कमानीची वळणे असे अनेक ठळक बिंदू टिपतो. हात किती हलला, किती वळला हे फोनमधली सूक्ष्म मापक साधने सांगतात. दोन्हींचा मेळ घालून फोन स्वतःची जागा क्षणाक्षणाला ठरवितो आणि संगणकात आधी रचून ठेवलेली त्रिमित प्रतिकृती तेथे नेऊन बसवितो. केवळ उपग्रहाच्या भरवशावर राहिले तर काही मीटरांची चूक सहज राहते. मग वरचा मजला खालच्याला सोडून शेजारच्या दुकानावर जाऊन बसायचा, म्हणून ही बिंदूंची खटपट. ऊन कोणत्या बाजूने पडले आहे ते पाहून चित्राची सावलीही त्याच बाजूला टाकतात. समोरून रिक्षा गेली तर तिच्यामागे वाडा झाकला जावा, यासाठीही गणित केलेले असते. कौशल्याचा कस लागतो तो येथेच. डोळ्याला जोड दिसू नये, ही या कलेची प्रतिष्ठा. आणि माझ्या मते, तिचे नैतिक संकटही हेच.

जुन्या प्रतिकृतींना हे संकट नव्हते. नोकरीच्या काळात मी कितीतरी भूमिपूजने पाहिली. मंडपात एका टेबलावर थर्माकोल आणि पुठ्ठ्याची इमारत असे, स्पंजची हिरवी झाडे असत, काचेचा तुकडा तळे म्हणून लावलेला असे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशा प्रतिकृतीतील झाडे मंत्रिमहोदयांना इतकी आवडली की भाषणात इमारतीपेक्षा बगीच्याचाच उल्लेख अधिक झाला. इमारत झाली, बगीच्याच्या जागी आज सायकल स्टँड आहे. पण त्या प्रतिकृतीने कोणाला फसविले असे मी म्हणणार नाही. ती हातभर लांब होती, काचेच्या पेटीत होती आणि तिच्यावर धूळ बसत होती. ‘मी खरी नव्हे’ हे ती आपल्या आकारानेच सांगत होती. तिचा अपवाद तिच्या अंगातच होता. फोनमधील प्रतिकृती मात्र पूर्ण आकाराची, त्याच जागेवर, त्याच उन्हात उभी राहते. लहानपणा आणि काचेची पेटी हे दोन्ही साक्षीदार तिने रजेवर पाठविलेले असतात.

प्रतिकृती लोकांपुढे मांडण्याची आपल्या शहराची परंपरा फोनपेक्षा शतकभर जुनी आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या काळी, पहिले महायुद्ध चालू असताना, स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदूरला आले. शहरात प्लेगचे भय होते आणि घाणीचे साम्राज्य. गेडिस यांनी दरबारकडून अधिकार मागून घेऊन दिवाळीची एक मिरवणूकच योजली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त, त्या रस्त्याने ती जाणार असे जाहीर झाले, आणि शहर झाडून निघाले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. मागून इंदूर नगरीच देवता होऊन आली; तिच्या निशाणावर शहराचा नकाशा आणि त्यावर नव्या रस्त्यांच्या लाल रेघा होत्या. तिच्यामागे गाड्यांवरून ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, नाट्यगृह अशा व्हावयाच्या इमारतींच्या मोठमोठ्या प्रतिकृती निघाल्या. १९१८ साली त्यांचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले काय झाले आणि काय कागदावर राहिले हा वेगळा विषय. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती मिरवणुकीची भाषा. गाडीवरून चाललेली नाट्यगृहाची इमारत पाहून, नाट्यगृह झाले असे कोणी समजले नसेल. नकाशा काळा, रेघा लाल. जे आहे आणि जे व्हावे असे वाटते, त्यांचे रंग वेगळे ठेवलेले होते.

व्हावयाच्या वास्तूबाबत आता कायद्यानेही काही बंधन घातले आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याचे कलम १२ ज्यांनी घर घेताना वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून पैसे भरले आणि त्यातील माहिती खोटी निघाल्याने नुकसान झाले, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. उद्या एखाद्याने बायपासवरच्या रिकाम्या प्लॉटवर फोन धरावयास लावून बारा मजले आणि पोहण्याचा तलाव दाखविला, तर ग्राहकाला निदान दाद मागण्याचे दार आहे. पण कालच्या वास्तूबद्दल खोटे दाखविले तर? तेथे ग्राहक नाही, करार नाही, नुकसान रुपयांत मोजता येत नाही. ज्यांचा तो वाडा होता ते तक्रार करावयास येणार नाहीत. भविष्याविषयी खोटे बोलणाऱ्याला शिक्षा आणि भूतकाळाविषयी खोटे बोलणाऱ्याला टाळ्या, अशी ही विषम स्थिती आहे. जेथे कायदा थांबतो तेथे नीती सुरू होते असे म्हणण्याची पद्धत आहे. अनुभव असा की पुष्कळदा तेथे फक्त कंत्राट सुरू होते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ॲपने राजवाडा दाखवावयाचा म्हटले तर कोणता? थोरल्या मल्हाररावांच्या काळी, १७४७ च्या सुमारास, बांधकाम सुरू झाले असे सांगतात. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले, जाळले. राजवाडाही त्यातून सुटला नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत, तात्या जोगांच्या कारभारात, वाडा पुन्हा उभा राहिला. १८३४ मध्ये पुन्हा आग लागून वरच्या लाकडी भागाची हानी झाली. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असा सात मजल्यांचा जो दर्शनी भाग आपल्या डोळ्यांत भरला आहे, त्याच्यामागे बांधणे, जळणे आणि पुन्हा बांधणे यांचा एवढा इतिहास आहे. १९८४ च्या आगीत मागचा भाग गेला. २००६-०७ च्या सुमारास उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने त्या भागाची पुनर्रचना झाली आणि मल्हारी मार्तंडाचे देवघर पुन्हा उभे राहिले. २०२३ साली दर्शनी भागाचा जीर्णोद्धार पुरा झाला. यांपैकी ‘मूळ’ कोणते? नागसेनाने राजा मिलिंदाला रथाविषयी जे विचारले ते राजवाड्याविषयीही विचारता येईल. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. फरक इतकाच की रथाचे सुटे भाग निदान समोर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणकला आपल्या भागात आली. पुढे ‘राजा’ हा किताब मिळविणारे लाला दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकाम खात्याच्या कचेरीतच नोकरीला होते. त्या काळापासून पुढचे काही सांगायला पुरावा आहे. त्याच्या मागे, मल्हाररावांच्या काळच्या वाड्याचे रूप रंगवायला जो बसेल त्याला बरेचसे आपल्या मनातूनच काढावे लागेल. मनातून काढण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती, मनातले आणि छायाचित्रातले एकाच रंगात, एकाच उन्हात रंगविण्याला.

एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त २० मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात झाली. समोरच्या उद्यानात मातोश्रींचा पुतळा आहेच. उद्या ॲप करणाऱ्याला सहज वाटेल की गणेश दालनात अहिल्याबाई न्यायदान करीत आहेत असे दाखवावे. चित्र सुंदर होईल. शाळेच्या सहली येतील. पण त्यांची राजधानी महेश्वर. नर्मदेच्या घाटावर बसून त्यांनी राज्य चालविले. राजवाड्यात त्यांना बसविले, तर एका पिढीच्या मुलांच्या मनातून महेश्वर पुसले जाईल, आणि तेही भक्तिभावाने! पाठ्यपुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. ‘मी स्वतः तेथे उभा राहून पाहिले’ ही आठवण दुरुस्त करणे फार कठीण.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच परंपरेतून येईल. आपण जीर्णोद्धार करणारे लोक. जुने चुना-लाकूड पुजणारे नव्हे. देव तोच, देऊळ नवे, यात आपल्याला विसंगती वाटत नाही. मग पडद्यावरच्या नव्या राजवाड्याविषयी एवढा काथ्याकूट कशाला? आक्षेपात तथ्य आहे. अहिल्याबाईंनी काशीला आणि सोमनाथला मंदिरे बांधली ती जुन्याची हुबेहूब नक्कल म्हणून बांधली नाहीत. सोमनाथला तर भग्न मंदिराजवळ वेगळी जागा घेतली. पण नेमके हेच माझ्या बाजूचे आहे. जीर्णोद्धार आपले वय लपवीत नाही. २००७ चा मागचा भाग हा २००७ चा आहे. त्याला पैसा लागला, लाकूड लागले, कारागिरांचे हात लागले, आणि आता तो स्वतःच एक वस्तुस्थिती आहे. पडद्यावरच्या चित्राला यातले काही लागत नाही, आणि तरी ते म्हणते, ‘मी १७४७ चा आहे.’

पाश्चात्त्यांनीही यावर विचार केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की, जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनरुद्धाराने थांबावे आणि नव्या भरीवर आपल्या काळाचा ठसा ठेवावा. संगणकातील वारसा-चित्रणासाठी लंडन सनद २००६ मध्ये निघाली. तिचा भर यावर आहे की पाहणाऱ्याला पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे कळले पाहिजे. सनदा पुष्कळ असतात आणि कपाटात असतात. तरी या दोहोंचा अर्थ आपल्या भाषेत एकच आहे: आरोप करा, पण अपवादाची सोय ठेवा.

ती सोय कशी ठेवावी? यात मी तज्ज्ञ नव्हे. पण काही गोष्टी सामान्य बुद्धीच्या आहेत. ज्याला छायाचित्राचा किंवा मोजमापाचा आधार आहे ते भरीव दाखवावे. उरलेल्या भागावरून जे ताडता येते ते अर्धपारदर्शक असावे, म्हणजे त्यातून मागचे आजचे आकाश दिसेल. निव्वळ कल्पना असेल तेथे रेषा पुरे. कोणत्याही भागावर बोट ठेवले की त्याचा आधार वाचता यावा. आणि एक सूचना माझी स्वतःची: चित्र पडद्यावर आपोआप ठाण मांडून बसू नये. बोट दाबून धरावे तोवर दिसावे, उचलले की विरून जावे. पाहणाऱ्याला दर वेळी स्वतःच्या हाताने अपवाद करावा लागेल.

एका तरुण वास्तुविशारदापुढे मी हे बोललो. तो हसला. म्हणाला, “काका, अर्धवट चित्र कोणी पाहत नाही. दहा सेकंदांत लोक फोन खिशात टाकतात.” त्याचा अनुभव खरा असेल. पण अर्धवटपणा म्हणजे कमीपणा नव्हे, याचा दाखला त्याच्याच विद्येच्या आरंभी सापडतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीत फ्लॉरेन्स येथे ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तेथील बाप्तिस्मागृहाचे यथार्थदर्शी चित्र एका फळीवर काढले, फळीला भोक पाडले, आणि मागून त्या भोकातून समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहावयास लावले. खरी इमारत आणि चित्र यांत फरक ओळखू येईना. आजच्या ॲपचा हा आजोबाच म्हणावा. त्याने इमारत अचूक रंगविली, आकाश मात्र रंगविले नाही. तेथे चकाकणारी चांदी लावली, म्हणजे खऱ्या आकाशातले खरे ढग त्यात सरकताना दिसावेत. जे आपल्या कुंचल्याच्या आवाक्यातले नाही ते त्याने सृष्टीवर सोपविले, आणि त्याचा प्रयोग सहाशे वर्षे लोकांच्या लक्षात राहिला.

आपल्या शहरात तर संपूर्ण अनुमानाचेही एक प्रकरण आहे. यशवंतराव महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात ब्रांकुशी या थोर शिल्पकाराकडून तीन ‘पक्षी’ घेतले आणि त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याचे ठरले. ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर झाले नाही. पक्ष्यांपैकी काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. मंदिर कसे होणार होते याच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी हौशी माणूस ते फोनमध्ये उभे करील आणि मोठी वाहवा मिळवील. माझे मत असे की येथे रिकामी जागाच दाखवावी. न झालेल्या वास्तूचाही एक इतिहास असतो, आणि तो न होण्याचाच असतो.

आता १९८४. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबरला झाली आणि नंतर उसळलेल्या हिंसाचारात देशभर अनेक शहरांत शीख कुटुंबांवर हल्ले झाले. इंदूरही त्यातून सुटले नाही. राजवाडा त्याच दिवसांत जळाला. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि परगावी होतो. वर्तमानपत्रातला धूर पाहिला. आपल्या घराघरांत या आगीची आठवण निघते ती बहुधा वाड्याची म्हणून निघते. लाकूड किती जुने होते, कोरीव काम कसे होते, मागच्या चौकात काय होते. एकाच घरातल्या दोन भावंडांना त्या चौकाच्या पायऱ्या वेगवेगळ्या आठवतात, हेही आपण ऐकलेले आहे. माणसे कोणाची घरे-दुकाने सोडून गेली, याची आठवण त्या मानाने कमी निघते. या ठिकाणी ॲपची रचना निरागस राहत नाही. १८०१ ची आग बाहेरून आलेल्या फौजेने लावली. १९८४ च्या दिवसांत रस्त्यावर शहरातलीच माणसे होती. फोन उघडताच मागचा भाग धडधाकट, सागवान तेल लावल्यासारखे चमकते आहे, आणि आगीचा कोठे मागमूस नाही, असे दाखविले तर आपण वाडा परत मिळविला असे वाटेल. प्रत्यक्षात शहराने आपल्यावरचा आरोप काढून टाकलेला असेल. दुसऱ्या अर्थाचा आरोप तो हाच.

म्हणून कालरेषेवर बोट सरकवून जुने रूप पाहण्याची सोय असेल तर १९८४ ओलांडल्याखेरीज मागे जाता येऊ नये. जळका भाग दाखविण्यासाठी भयंकर चित्रे नकोत, ज्वाळा तर मुळीच नकोत. ज्वाळांचाही तमाशा होतो. मागची जागा रिकामी दिसली, वर आकाश दिसले आणि एका ओळीत तारीख व कारण लिहिलेले असले की पुरे. कारण लिहिताना ‘दुर्दैवी घटना’ हा शब्दप्रयोग मात्र टाळावा. शासकीय टिपणीत तो मी हजार वेळा वाचला आहे. कर्ता लपवावयाचा असला की तो वापरतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गेडिस यांचा अहवाल शंभर वर्षांनंतरही वाचता येतो. दहा वर्षांपूर्वीची कितीतरी ॲप आजच्या फोनवर उघडत नाहीत. म्हणजे आरोप आणि अपवाद दोन्ही एकदमच नाहीसे होणार, आणि मागे उरणार ती पाहिलेल्यांची पक्की खात्री. तेव्हा असे काम कोणीही हाती घेवो, महापालिका, पुरातत्त्व खाते वा एखादी संस्था, त्यांनी प्रतिकृतीच्या प्रत्येक भागाचा आधार लिहिलेली एक वही कागदावर करावी. आपल्या कुटुंबांतील जुने आल्बम त्यासाठी उपयोगी पडतील. छायाचित्रामागे साल लिहिलेले असेल तर फारच उत्तम, नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवावे. वही राजवाड्यातच, एखाद्या दालनातील कपाटात, मागेल त्याला पाहता येईल अशी ठेवावी. वाळवीचा बंदोबस्त तेवढा आधी करावा लागेल.